आंबोळीला एक रात्र द्यावी

गेल्या गणेशोत्सवात येथील एका मंडळाने पाककला-स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'आपले जुने पदार्थ'. ईशस्तवनासाठी माझ्या वर्गातल्या मुली नेल्या होत्या, म्हणून मीही तेथे होतो. आणि मुलींचे गाणे झाले म्हणून लगेच उठून जाणे बरे दिसत नाही. स्पर्धेचा नियम असा की, जे करावयाचे ते परीक्षकांसमोर, नव्वद मिनिटांच्या आत. घरून काही तयार करून आणावयाचे नाही. दांडिया बाजारातल्या, सत्तरी उलटलेल्या एक काकू पातेले घेऊन आल्या होत्या. पातेल्यात आंबोळीचे पीठ होते; आदल्या दिवशी वाटून रात्रभर आंबवलेले. कार्यकर्त्याने झाकण उचलले, आत पाहिले आणि अत्यंत आदबीने सांगितले, "काकू, आधी केलेलं चालत नाही." काकू म्हणाल्या, "अहो, केलेलं कुठं आहे? नुसतं आंबलंय." यावर त्या मुलाजवळ उत्तर नव्हते, नियम मात्र होता. काकू पातेले घेऊन परत गेल्या. पुढे पहिले बक्षीस आंबोळीलाच मिळाले: रवा, दही आणि फ्रूट सॉल्टची एक पुडी यांपासून पंचवीस मिनिटांत केलेल्या आंबोळीला.

बक्षीस मिळवणाऱ्या बाईंविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्या आंबोळीला जाळी सुरेख पडली होती, मी दोन खाल्ल्या. तक्रार आहे ती नियमाची. त्या नव्वद मिनिटांनी काय काय बाहेर घालवले, पाहा. आंबोळी गेली. साधे दही गेले. मग चक्का आणि श्रीखंड गेले, लोण्याचे ताक गेले. रात्री पिठात ताक कालवून ठेवायची ती ज्वारीची आंबील गेली. तीन दिवस गहू भिजवून चीक काढायची कुरडई गेली. तीन दिवस तांदूळ भिजवून, पाणी बदलत राहून करायचा अनारसा गेला. लोणच्याचे तर नावच नको. जुन्या पदार्थांच्या स्पर्धेतून जुन्या स्वयंपाकातला अर्धाअधिक शहाणपणा दारातूनच परत पाठवला गेला, आणि हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. ध्यानात आले नाही, हेच मला जास्त लागले.

मी गाणे शिकवणारा मनुष्य. स्वयंपाकघरात लुडबूड कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या भाषेनेच ही दोन घरे जोडून ठेवली आहेत. मराठीत सूर लावतात आणि दहीही लावतात. सूर लागतो, दही लागते. दोन्ही ठिकाणी मनुष्य करतो ते थोडे. उरलेले आपोआप व्हावे लागते, आणि ते होईल अशी तजवीज करणे एवढेच आपल्या हाती असते. 'मुरणे' हा शब्द घ्या. लोणचे मुरते आणि गवईही मुरतो. 'मुरलेला' म्हटले की ती शाबासकी असते. उलट 'आंबलेला' म्हटले की शिवी. खरे पाहता दोन्ही कामे काळाचीच. 'विरजण' या शब्दावर तर आपण फारच अन्याय केला आहे. कोणाच्या उत्साहाचा नाश झाला की आपण म्हणतो, विरजण पडले. ज्याने पहिल्यांदा हा वाक्प्रचार केला त्याला बहुधा दूधच प्यायचे असावे. दह्याची वाट पाहत बसलेल्याच्या दृष्टीने विरजण पडणे ही तर आनंदाची गोष्ट.

आमच्या घरात या गोष्टीचा विचार थोडा अधिक होई, त्याला कारण वडिलांचा धंदा. आजोबा बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात पखवाजी होते, आणि वडीलही सोळाव्या वर्षी तेथेच लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. म्हणजे दरबारची चाकरी त्यांनी केली ती जेमतेम दोन वर्षे. परंतु अखेरपर्यंत ते स्वतःला दरबारी पखवाजीच म्हणवीत. मी त्यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झालो, त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, म्हणजे त्याचा नाद खाली उतरतो, भरीव होतो. ही कणीक वाजवण्याच्या वेळी ताजी लावायची आणि वाजवून झाले की खरवडून काढायची. तशीच राहिली तर ती आंबते, कातड्याला वास येतो, किडा लागतो. कोणी शिष्य ती काढायला विसरला तर वडील त्याच्याशी दोन दिवस बोलत नसत. तीच कणीक रात्री परातीत राहून थोडी आंबली तर आजी तिचे धिरडे करी आणि वडील ते मिटक्या मारीत खात. कोणती वस्तू कोठे आंबावी याला फार महत्त्व आहे, हा माझा पहिला धडा.

गवय्यांचे निराळे. आंबट खाल्ल्याने गळा बसतो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यात किती खरे, हे वैद्य-डॉक्टरांनी सांगावे. पण गाण्याच्या आदल्या दिवशी लोणच्याकडे न पाहणारे अनेक गवई मी पाहिले आहेत. अशी मंडळी आमच्याकडे जेवायला यायची असली की आजी सकाळी निराळे दही लावी. उन्हाळ्यात दहा वाजता लावलेले दही दोनच्या सुमारास नुकते घट्ट झालेले, गोडसर असते; ते गवयांना. रात्रीचे, चांगले चढलेले दही घरच्या पखवाज्याला. एकाच विरजणाची ही दोन दही. वेळ बदलला की चव बदलते. घड्याळ पाहताना तिला मी कधी पाहिले नाही.

तिची रीत सांगतो. दूध उकळून निवू द्यायचे. करंगळी बुडवून सुखाने ठेवता आली पाहिजे, पण ऊब जाणवली पाहिजे. अर्ध्या शेराला उन्हाळ्यात लहान चमचाभर विरजण, थंडीत त्याच्या दुप्पट. विरजण तळाशी घालून वरून दूध ओतायचे आणि एकदाच ढवळायचे. मग भांडे हलवायचे नाही. माघातल्या थंडीत ते कणकेच्या डब्यात खुपसून ठेवायचे, वर जुनी शाल. लहानपणी दही लागले का हे पाहण्यासाठी मी भांडे कलते केले होते आणि चापट खाल्ली होती. "झोपलेल्याला उठवून झोप लागली का विचारतोस?" असे ती म्हणाली होती.

आंबोळीला तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथी. उन्हाळ्यात मीठ आधीच घालायचे, म्हणजे आंबणे आवरते. थंडीत ते सकाळी घालायचे. मेच्या बडोद्यात पारा चाळिसाच्या वर असतो; तेव्हा हे पीठ पाच-सहा तासांत पातेल्याबाहेर येऊ लागते. जानेवारीत त्याच पिठाला चौदा-पंधरा तासही कमी पडतात. म्हणून 'रात्रभर' हे माप काही खरे नव्हे. १९७० साली निघालेल्या 'रुचिरा'ने कमलाबाई ओगल्यांची वाटी-चमच्याची मापे घरोघर नेली, हे मोठे काम झाले. आमच्याच गावात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तेथे गाणे नोटेशनने शिकवू लागले, आणि त्यावर अनेकांनी नाके मुरडली. मी नाके मुरडणाऱ्यांतला नाही; नोटेशन मी रोज फळ्यावर लिहितो. पण फळ्यावरचा गंधार आणि गळ्यातला गंधार यांच्यामध्ये जे अंतर असते, तेच पुस्तकातल्या 'रात्रभर'मध्ये आणि पौषातल्या रात्रीमध्ये असते. ते अंतर दुसऱ्याच्या शेजारी बसून, पाहून आणि चुकूनच तोडावे लागते.

आता फ्रूट सॉल्टकडे वळू. सोडा आणि आम्ल ओले झाले की त्यांतून वायू निघतो, पीठ फुगते, जाळी पडते. उडदाच्या पिठातही वायूच निघतो, पण तो काढणारे जीव निराळे. डाळीवर आणि तांदळावर ते आधीपासूनच असतात. पाणी, ऊब आणि वेळ मिळाली की वाढतात. वायू सोडतात, त्याबरोबर आम्लही करतात. उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. धान्यात फायटिक आम्ल नावाचे एक द्रव्य असते, ते लोहासारखी द्रव्ये अडवून ठेवते, शरीराला लागू देत नाही. आंबवण्याने ते कमी होते. दुधातली साखर ज्यांना सोसत नाही त्यांतल्या पुष्कळांना दही सोसते, कारण त्या साखरेतली काही जीवाणूंनी आधीच खाल्लेली असते. दूध आंबण्यामागे असे सजीव असतात हे पाश्चरने १८५७ साली मांडले. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते तर बल्गेरियातल्या दह्याने आयुष्य वाढते असे म्हणत. आयुष्याचे मी सांगत नाही. परंतु फुगलेले पीठ आणि आंबलेले पीठ या दोन वस्तू आहेत, एवढे शाळेतल्या मुलालाही कळावे.

हे आम्हां बडोदेकरांना तरी नव्याने सांगायला नको. आमच्याकडे खमण दोन प्रकारचे मिळते. एक हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, आंबवून केलेले, जरा खरबरीत, आंबूस. दुसरे बेसनात लिंबूसत्त्व आणि सोडा घालून तेवढ्यापुरते फुगवलेले, कापसासारखे मऊ, वर साखरेचे पाणी. या दुसऱ्याला गुजराथी लोक 'नायलॉन खमण' म्हणतात. मला हे नाव फार आवडते. त्यात फसवणूक नाही. दुकानदार स्वतःच सांगतो की हे नायलॉन आहे. ज्याला पाहिजे त्याने घ्यावे. मीही घेतो, पावसाळी संध्याकाळी वर शेव घालून खातो. माझे म्हणणे एवढेच की, आपणही तितकेच प्रामाणिक व्हावे. पंचवीस मिनिटांच्या आंबोळीला नायलॉन आंबोळी म्हणावे, तिचा निराळा वर्ग करावा, बक्षीसही द्यावे. पण जिच्या नावातच आंबणे आहे तिला आंबू न देता पहिले बक्षीस द्यायचे, आणि आंबवून आणणारीला 'आधी केलेले' म्हणून परत पाठवायचे, हे आमच्या गुजराथी शेजाऱ्यांनाही पटणार नाही.

याला उत्तर ठरलेले आहे: हल्ली बायकांना वेळ कोठे आहे? हा प्रश्न हलका समजू नये. माझी पत्नी नोकरी करते. सकाळी साडेआठाला घर सोडते. आजीच्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी तिचा उजवा खांदाही आठवावा. रगड्यावर उडीद वाटून तो असा धरला होता की शेवटी शेवटी तिला केसांचा अंबाडा घालता येत नसे. ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. परंतु रगडा गेला आहे, मिक्सर आला आहे. भिजत घालायला दोन मिनिटे, वाटायला पंधरा. पुढे रात्र काम करते आणि आपण झोपतो. वेळ लागतो हे खरे, पण तो आपला वेळ नव्हे. आणि पंधरा मिनिटे बायकांनीच काढावीत असे कोठे लिहिले आहे? पाच वर्षांपासून आमच्या घरी दही मी लावतो. रात्रीचा शेवटचा विद्यार्थी गेला, तंबोरा गवसणीत घातला, की दूध करंगळीला येण्याइतके निवलेले असते.

दुसरी शंका धास्तीची. तरुण मंडळी आंबलेल्याला घाबरतात. पाकिटावर तारीख नसेल तर हात लावत नाहीत. आमची शिकवण याबाबत कडक होती आणि ती सांगितली पाहिजे. हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली की वरचा थर काढून खालचे खायचे नाही, सगळे टाकायचे. पिठाला आंबूस वास यावा. नासका, कुजका वास आला तर तोही टाकण्याचाच. लोणच्यात ओला चमचा नाही, आणि फोडींवर तेल आलेच पाहिजे. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवायचे नाही. कल्हई नुकती झालेली असली तरी नाही, काच किंवा चिनी माती बरी. नासणे, कुजणे, आंबणे, मुरणे: आपल्या भाषेने चार गोष्टींना चार शब्द दिले आहेत. आपण त्या चारींना 'खराब' हा एकच शब्द वापरू लागलो, तेव्हापासून भीती वाढली. आणि कधी आंबवायचे, कधी थांबवायचे, हेही गुजराथेत शिकायला मिळते. थंडीत भल्या पहाटे नीरा विकतात, ती उन्हे चढायच्या आत प्यायची. उशीर झाला की तिची ताडी होऊ लागते, आणि या राज्यात दारूबंदी आहे. सूर्य वर आला की कायदा मोडतो, असे पेय दुसरे कोणते असेल?

पाच वर्षांपासून दही मी लावतो असे वर म्हटले, त्याला एक कारण घडले. २०२१ च्या एप्रिलात आई आजारी पडली. पाठोपाठ आम्हीही दोघे पडलो. घर सोळा दिवस बंद होते. आई घरी परत आली नाही. आम्ही आलो तेव्हा वाटीतले विरजण गुलाबी झाले होते. आजीपासून आईकडे आलेले, एक दिवस खंड न पडलेले ते विरजण मी मोरीत ओतले आणि वाटी राखेने घासली. त्या दिवसांत कोणाला दह्याचे काय वाटावे? मलाही वाटले नाही. डेअरीचे दही आणले आणि त्याचे विरजण लावले.

डेअरीच्या दह्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. आणंद आमच्यापासून आगगाडीने तासाभराच्याही आत आहे; १९४६ साली तेथे सुरू झालेल्या सहकाराने देशाला काय दिले हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्या दह्यात निवडक जीवाणू मोजून घातलेले असतात, म्हणून ते बारा महिने सारखे लागते. पण घरी त्याचे विरजण लावले की तीन-चार खेपांनी त्याला तार सुटू लागे. पुन्हा नवे पाकीट आणावे लागे. असे वर्षभर चालले. एकदा समोरच्या घरातल्या गुजराथी बांकडे मी सहज ही गोष्ट काढली. त्या आत गेल्या आणि वाटीत थोडे दही घेऊन आल्या. म्हणाल्या, "आ तो तमारां दादीनुं ज मेळवण छे." चाळीस वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन आमच्या पोळीत आल्या तेव्हा आजीने त्यांना वाटीभर दही दिले होते, तेव्हापासून त्यांच्या घरी तेच चालू होते. तिन्हीसांज झाली होती. त्या वेळी दही कोणाला देत नाहीत, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होते. त्यांनी वाटीवर झाकण ठेवले आणि ती माझ्या हातात दिली.

ते दही आजीचेच होते का? शास्त्र म्हणेल, नव्हे. चाळीस वर्षांत त्या घराचे दूध, त्या घराची हवा, त्या हातांची सवय त्यात मिसळली. जीवाणूंची वस्ती बदलली असणार. आमच्या धंद्यातही असे होते. एखादी बंदिश घरातून हरवते आणि दुसऱ्या घराण्याच्या शिष्याकडे सापडते. तिच्यात दोन जागा निराळ्या असतात, एखादी हरकत आपली नसते. ती आपली नव्हे म्हणून कोणी परत करीत नाही. आमचे हल्लीचे दही आईच्या दह्यापेक्षा किंचित आंबट असते. मुलीला तेच आवडते.

म्हणून मंडळाच्या चिटणिसांना मी पत्र लिहिले आहे, आणि तेच येथे जाहीर मांडतो. पुढल्या वर्षी स्पर्धेत एक वर्ग असा ठेवावा की, स्पर्धकांनी आदल्या सायंकाळी येऊन परीक्षकांसमोर वाटावे, विरजावे, भिजवावे. भांड्यांवर चिठ्ठ्या लावून ती कुलपात ठेवावीत आणि परीक्षण दुसऱ्या दिवशी सकाळी व्हावे. म्हणजे आधी केल्याचा आक्षेप उरणार नाही, आणि परीक्षकांनाही सकाळी झाकण उघडताना खरी परीक्षा घेतल्याचे समाधान मिळेल. भाद्रपदातल्या हवेत एक रात्र आंबोळीला आणि दह्याला पुरेशी आहे. कुरडई-अनारशांना तीन दिवस लागतील. उत्सव दहा दिवसांचा असतो, तेव्हा तीही अडचण नसावी. दांडिया बाजारातल्या काकूंना मी विचारून ठेवले आहे. त्या येतो म्हणाल्या, मात्र पातेले त्यांचे स्वतःचे पाहिजे.

जागेचा प्रश्न निघालाच तर माझ्या वर्गाची खोली रात्री साडेआठापासून सकाळी सातपर्यंत मोकळी असते. खिडक्या लावल्या की ऊब चांगली राहते. तंबोरे मी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवीन. स्पर्धकांनी भांडी अर्धीच भरून आणावीत आणि खाली परात ठेवावी. चटईवर पीठ उतू गेले तर सकाळी साडेसातच्या तुकडीला बसायला जागा राहणार नाही.